जुन्या खेळाचें नवें घर

पुष्कळ घरांच्या माळ्यावर एखादा जुना संगणक धूळ खात पडलेला असतो. दर दिवाळीच्या साफसफाईंत तो मोडीत घालावयाचा म्हणून खालीं येतो, आणि ‘अजून चालतो आहे कीं!’ असें कोणी म्हटलें म्हणजे पुनः वर जातो. शुभवर्तमानांतील दृष्टांतांत एका चाकरानें धन्यानें दिलेली ठेव जमिनींत पुरून ठेविली होती. या संगणकाची गोष्ट त्या ठेवीसारखीच आहे. त्याच्या अंगीं काम करण्याची शक्ति अजून पुष्कळ असते, परंतु काम त्यास कोणी सांगत नाहीं. असें एक काम आम्ही या लेखांत सुचविणार आहों. नाणें टाकून खेळावयाचे जुने आर्केड खेळ त्या संगणकाकडून पुनः चालवून घेणें, व त्याकरितां घरच्या घरीं एक लांकडी पेटी उभी करणें, हेंच तें काम.

शाळेच्या वार्षिकांत खेळाच्या पेटीचा धडा कशास, असा प्रश्न पालक वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, खेळणें हा या धड्याचा शेवट आहे, आरंभ नव्हे. पेटी उभी करितांना थोडें सुतारकाम येतें, विजेचें ज्ञान येतें, अंकगणित येतें, कायद्याचीही ओळख होते. आणि या सर्वांहून मोठी एक गोष्ट कळते. ती ही कीं, एखाद्या वस्तूची खरी नक्कल करणें म्हणजे काय, व त्यास किती प्रामाणिकपणा लागतो.

या खेळांचा जन्म

१९७२ सालीं अमेरिकेंतील अटारी नांवाच्या कंपनींत ॲलन अल्कॉर्न या तरुण इंजिनियरानें ‘पाँग’ हा खेळ तयार केला. पडद्यावर दोन लहान पट्ट्या, आणि त्यांच्यामध्यें इकडून तिकडे जाणारा एक ठिपका. टेबल-टेनिसचें हें अगदीं साधें रूप. पहिलें यंत्र कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल गांवच्या एका मद्यगृहांत ठेविलें होतें. थोड्याच दिवसांत तें बंद पडल्याचें बोलावणें आलें. अल्कॉर्ननें जाऊन उघडून पाहिलें, तों नाण्यांचा डबा कांठोकांठ भरून नाणीं अडकलेलीं!

पुढें १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं तैतो कंपनीकरितां ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचिला, आणि १९८० सालीं नाम्को कंपनींतील तोरु इवातानी यांनीं ‘पॅक-मॅन’ रचिला. भुलभुलैयांत ठिपके खात धांवणारें तें पिवळें गोल तोंड आणि त्याच्या पाठीस लागलेलीं चार भुतें यांस न ओळखणारा मुलगा आजही विरळा.

आपल्याकडे १९९० च्या दशकांत शहरांतून व्हिडिओ गेम पार्लरें चालत. तेथें जाणाऱ्या पालकांस ‘मुस्तफा’ खचित आठवत असेल. त्या खेळाचें खरें नांव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ असें असून तो जपानच्या कॅपकॉम कंपनीनें १९९३ सालीं काढला. परंतु त्यांतील चार वीरांपैकीं मुस्तफाचेंच नांव आपल्याकडील मुलांनीं साऱ्या खेळास देऊन टाकलें.

हीं यंत्रें आतां झिजत चाललीं आहेत. कांचेच्या नळीचे पडदे अंधुक होतात, कपॅसिटर सुकतात, चिपा निकामी होतात. कांहीं यंत्रांचें मरण तर त्यांच्या जन्मांतच लिहिलेलें होतें. नक्कल होऊं नये म्हणून कॅपकॉमनें १९९३ पासून वापरलेल्या सीपीएस-२ या यंत्ररचनेंत आज्ञावली गुप्त लिपींत ठेविली, आणि ती उलगडण्याची किल्ली एका लहानशा बॅटरीच्या आधारावर जिवंत ठेविली. बॅटरी संपली कीं किल्ली पुसली जाई, आणि धडधाकट यंत्र मुकें होऊन पडे. चोरास बाहेर ठेवण्याकरितां घातलेलें कुलूप धन्यासही बाहेर ठेवूं लागलें, असा हा प्रकार. २००७ सालीं जाणकारांनीं ती लिपि पूर्णपणें उलगडली, म्हणून ते खेळ वांचले.

बहुरूपी आणि दुभाषी

या खेळांस वांचविण्याचें जें साधन, त्यास एम्युलेटर म्हणतात. आपल्या गांवोगांवीं बहुरूपी येत असे. कधीं पोलीस होऊन तो दटावी, कधीं वैद्य होऊन नाडी पाही. परंतु त्याचें सोंग बाहेरचें. कोणी खरोखरच आपलें दुखणें सांगितलें तर त्याच्यानें औषध देववत नसे. एम्युलेटरचें सोंग आंतलें असतें. तो पॅक-मॅनचें चित्र काढीत बसत नाहीं. तो पॅक-मॅनच्या यंत्राचें काळीज होतो. मूळ यंत्रांतील आज्ञा जशाच्या तशा त्याच्यापुढें ठेविल्या म्हणजे खेळ आपोआप उभा राहतो.

हें कसें घडतें तें पाहूं. पॅक-मॅनच्या यंत्रांत झेड-८० नांवाचा प्रोसेसर असे. खेळाची सारी आज्ञावली चार चिपांत मिळून १६ किलोबाइट, म्हणजे १६,३८४ अंकांची होती. चित्रांकरितां आणखी ८ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेलें एक छायाचित्र याच्या शंभरपट जागा सहज घेतें. यांतील प्रत्येक अंक ० ते २५५ यांमधील असे, आणि अंक हीच आज्ञा. ६० हा अंक आला तर त्याचा अर्थ, ‘हातांतील संख्येंत एक मिळव.’ १९५ आला तर, ‘पुढें सांगितलेल्या ठिकाणीं उडी मार.’ पहिल्या आज्ञेस यंत्रांतील घड्याळाचे ४ ठोके लागतात, दुसरीस १०.

आपला संगणक झेड-८० ची भाषा जाणत नाहीं. म्हणून एम्युलेटर दुभाष्याचें काम करतो. तो एकेक अंक उचलतो, त्याचा अर्थ पाहतो, तेंच काम आपल्या संगणकाकडून करवितो, आणि किती ठोके झाले याचा हिशेब मांडतो. मूळ यंत्राचें घड्याळ सेकंदास ३०,७२,००० ठोके देई, आणि ५०,६८८ ठोक्यांत पडद्यावरील एक चित्र पुरें होई. विद्यार्थ्यांनीं स्वतः भागाकार करून पाहावा, म्हणजे सेकंदास साठाहून किंचित् अधिक चित्रें होत असें दिसून येईल. आपला संगणक तेवढें काम फार लवकर उरकतो, आणि पुढील चित्राची वेळ होईपर्यंत थांबून राहतो. शर्यतीच्या घोड्यास लगाम घालून बैलगाडीच्या चालीनें चालविण्यासारखेंच हें आहे. लगाम सुटला तर भुतें विजेसारखीं धांवतील आणि खेळ म्हणून कांहीं उरणार नाहीं.

या कामीं सर्वांत प्रसिद्ध आज्ञावली म्हणजे ‘मेम’. इटलींतील निकोला साल्मोरिया यांनीं ती ५ फेब्रुवारी १९९७ रोजीं प्रथम प्रसिद्ध केली. पुढें अनेक देशांतील स्वयंसेवकांनीं तींत भर घातली, आणि २०१६ सालापासून ती पूर्णपणें मोकळ्या परवान्याखालीं मिळूं लागली. जुन्या यंत्रांची रचना बारकाईनें लिहून ठेवणें हा मुख्य हेतु, आणि खेळतां येणें हा त्याबरोबर मिळणारा लाभ, अशी तिच्या कर्त्यांची भूमिका आहे. मौज अशी कीं, सर्वांत साधा दिसणारा जो पाँग, त्याचें सोंग आणणें अधिक अवघड. त्यांत प्रोसेसर नव्हताच. म्हणून आज्ञा वाचण्याचा प्रश्नच नाहीं, आणि सर्किटांतील एकेक भागाचेंच सोंग घ्यावें लागतें.

दोषांसह नक्कल

आतां या विषयाचें मर्म सांगतों. स्पेस इन्व्हेडर्समध्यें शत्रूंच्या ११ जणांच्या ५ ओळी, म्हणजे एकूण ५५ शत्रु असतात. त्या यंत्रांतील प्रोसेसर इतका दुबळा कीं, एका चित्रांत तो एकाच शत्रूस पुढें सरकवी. त्यामुळें सगळें सैन्य एकदां सरकावयास ५५ चित्रें, म्हणजे जवळ जवळ एक सेकंद लागे. शत्रु मरत जात तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर लवकर येई, आणि शेवटचा एकटा उरलेला शत्रु सैरावैरा पळत सुटे. खेळाची जी रंगत म्हणून सर्वांनीं वाखाणली, ती यंत्राच्या दुबळेपणांतूनच निघालेली आहे. दुबळेपणा ‘सुधारला’ तर रंगत गेली.

पॅक-मॅनमधील चार भुतांचे स्वभाव निरनिराळे आहेत. तांबडें सरळ पाठलाग करतें. गुलाबी पॅक-मॅनच्या तोंडापुढें चार घरांवर नेम धरून वाट अडवावयास जातें. निळें हें तांबड्याची जागा आणि पॅक-मॅनच्या पुढील जागा यांचा मेळ घालून आपला नेम ठरवितें. नारिंगी दूर असतांना पाठीस लागतें, परंतु आठ घरांच्या आंत आलें कीं आपल्या कोपऱ्याकडे वळतें. यांत एक चूक राहून गेली आहे. पॅक-मॅन वरच्या दिशेनें चालला असतां गुलाबी भुताचा नेम चार घरें वर पडावा, तो चार घरें वर आणि चार घरें डावीकडे पडतो. उभी व आडवी अशा दोन संख्यांची बेरीज एकत्र करितांना एकीचा हातचा दुसरींत जातो, त्याचा हा परिणाम. मुरलेले खेळाडू याच चुकीचा फायदा घेऊन त्या भुतास चुकवितात.

परंतु सर्वांत प्रसिद्ध चूक २५६ व्या टप्प्यावर भेटते. कितवा टप्पा चालू आहे हें एकाच अंकांत ठेविलेलें असून मोजणी शून्यापासून आहे. म्हणून २५६ व्या टप्प्यास तेथें २५५ असतात. टप्पा सुरू होतांना पडद्याच्या तळाशीं फळांचीं चित्रें काढावयाचीं असतात. त्याकरितां आज्ञावली त्या अंकांत एक मिळविते. आपण वर पाहिलेली ६० अंकाची आज्ञा ती हीच. २५५ मध्यें एक मिळविला कीं जागा भरून वाहते आणि शून्य उरतें. मोटारीच्या मीटरवर ९९९९९ नंतर ००००० यावें तसेंच. पुढें नियम असा कीं, संख्या आठाहून कमी असेल तर तितकीं फळें काढावीं. शून्य हें आठाहून कमी आहे, यांत शंका नाहीं. परंतु चित्र काढणारा भाग आधीं एक फळ काढतो, मग एक वजा करतो, आणि शून्य आलें तर थांबतो. शून्यांतून एक वजा केला कीं पुनः २५५. त्यामुळें तो २५६ चित्रें काढूनच थांबतो. सात फळांची जागा, आणि चित्रें २५६! उजवा अर्धा पडदा अक्षरांच्या व रंगांच्या कचऱ्यानें भरून जातो. एरवीं २४४ ठिपके खाल्ले म्हणजे टप्पा संपतो. येथें तितके ठिपके मिळतच नाहींत. एकही जीव न गमावतां सर्व कांहीं मिळवीत आलेल्याचे गुण ३३,३३,३६० यावर थांबतात, ते याच भिंतीपाशीं.

खऱ्या एम्युलेटरवरही हा टप्पा असाच बिघडतो. बिघाड करावा म्हणून एम्युलेटरांत कोणीं एक अक्षरही लिहिलेलें नसतें. प्रत्येक आज्ञा इमानानें पाळली गेली, म्हणून तो बिघाड आपोआप उगवला. आणि नक्कल खरी असल्याचा याहून चांगला पुरावा नाहीं. पूर्वींचे पोथ्या उतरणारे लेखक समोर जसें दिसलें तसें उतरल्याची ग्वाही ग्रंथाच्या शेवटीं देत असत. मूळ ग्रंथांत आपल्या मतें चूक असली तरी ती दुरुस्त करून उतरणारा मनुष्य पंडित असेल, परंतु त्याची प्रत पुढील पिढीस मूळ ग्रंथ दाखवूं शकत नाहीं. वर्गांत प्रयोगाची वही लिहितांना उत्तर जुळावें म्हणून आंकडा बदलण्याचा मोह ज्यांस होतो, त्यांनीं पॅक-मॅनचा हा टप्पा स्मरावा.

खेळ कोणाचा?

नक्कल खरी असणें ही एक गोष्ट, आणि ती बाळगण्याचा हक्क असणें ही दुसरी. एम्युलेटर वापरण्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु चिपांतून उतरून घेतलेली मूळ आज्ञावली, जिला रॉम म्हणतात, ती कोणाची तरी मालमत्ता असते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत संगणकाची आज्ञावली साहित्यकृतींत गणिली जाते. म्हणजे दुसऱ्याची कादंबरी परस्पर छापून वांटणें आणि दुसऱ्याचा खेळ परस्पर उतरून वांटणें, हीं कायद्याच्या दृष्टीनें सारखींच. ज्याच्याजवळ हक्काची प्रत आहे, त्यास ती नाश पावूं नये म्हणून राखीव प्रत करण्याची मोकळीक हाच कायदा देतो. ज्याच्याजवळ मूळ प्रतच नाहीं त्यास ती मोकळीक नाहीं.

बाजारांत हजारों खेळ भरलेलें कार्ड थोड्या पैशांत मिळतें, आणि ‘इतका जुना खेळ, आतां कोण विचारतो?’ असें तें विकणारा म्हणतो. परंतु पॅक-मॅन जुना झाला तरी त्याचे धनी आजही जिवंत आहेत. २०२२ सालीं त्यांनीं ‘पॅक-मॅन म्युझियम प्लस’ या नांवानें जुन्या खेळांचा संच नव्यानें विक्रीस काढला. ज्या वस्तूची इतक्या इमानानें नक्कल करावयाची, ती वस्तु बेइमानीनें घरीं आणणें शोभत नाहीं.

सरळ मार्ग तीन आहेत. कांहीं खेळांच्या धन्यांनीं ते, व्यापाराकरितां वापरूं नयेत एवढ्या अटीवर, सर्वांस मोकळे केले आहेत. ते मेमच्या मंडळींकडेच मिळतात. १९८१ चा ‘रॉबी रोटो’ हा त्यांपैकीं एक. दुसरा मार्ग, अधिकृत संच विकत घेणें. तिसरा, आणि आमच्या मतें सर्वांत उत्तम, म्हणजे स्वतः एखादा लहानसा खेळ रचून आपल्या पेटींत घालणें. आम्हीं आमच्या पेटींत पहिल्या दोन मार्गांचे खेळ ठेविले असून तिसऱ्याचा प्रयत्न चालविला आहे.

साहित्य व कृति

संगणक. १९८० च्या सुमाराच्या खेळांकरितां गेल्या पंधरा वर्षांतील कोणताही चालू संगणक पुरतो. अधिकृत संचांपैकीं पुष्कळ विंडोजवर चालतात; यास्तव विंडोज तशीच ठेवून तींत मेम बसविणें सोयीचें. संगणकांतील मूळ व्यवस्थेस हात लावावयाचा नसेल तर ‘बटोसेरा’ नांवाची मोकळी व्यवस्था पेन ड्राइव्हवरून चालवितां येते. घरीं जुना संगणक नसल्यास इंग्लंडांत केंब्रिज येथें निघालेला रास्पबेरी पाय घ्यावा. हा २९ फेब्रुवारी २०१२ पासून विक्रीस आला, आणि आकारानें एटीएमच्या कार्डाएवढा आहे. मात्र त्यास त्याचाच वीजपुरवठा द्यावा. चौथ्या आवृत्तीस ५ व्होल्ट व ३ अँपियर लागतात. मोबाइलचा हातीं लागेल तो चार्जर जोडला आणि वीज कमी पडली, तर पडद्याच्या कोपऱ्यांत विजेचें चिन्ह दिसतें आणि यंत्र मंदावतें.

पहिली चांचणी. लांकडास हात लावण्यापूर्वीं सगळें टेबलावर चालवून पाहावें. रॉमचें बांधलेलें गांठोडें न सोडतां मेमच्या ‘रॉम्स’ या कप्प्यांत ठेवावें. मेम प्रत्येक चिपेची खूण ताडून पाहते. मेमच्या ज्या आवृत्तीकरितां तें गांठोडें तयार झालें त्याहून आपली आवृत्ति निराळी असेल तर खेळ कित्येकदां सुरू होत नाहीं. कीबोर्डावर ५ दाबलें म्हणजे नाणें पडतें, १ दाबलें म्हणजे खेळ सुरू होतो, आणि टॅब दाबलें म्हणजे सर्व नेमणुकी बदलण्याची यादी उघडते.

पेटी. प्रथम जाड पुठ्ठ्याची पेटी करावी. घरांतील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या खेळाडूस तिच्यापुढें बसवून कोपर कोठें येतें, मान कितपत वांकते, हें पाहावें, आणि मगच लांकूड कापावें. बाजूंस १८ मिलिमीटर व इतरत्र १२ मिलिमीटर जाडीचें प्लायवूड पुरे होतें. बटनांचीं भोकें बहुधा ३० मिलिमीटर व्यासाचीं लागतात; तथापि बटनें हातीं आल्यावर मोजूनच भोकें पाडावींत. पाठीमागें उघडतां येईल असें दार ठेवावें, आणि त्यास खालीं व वर अशीं दोन्हीकडे भोकें असावींत. ऊन हवा वर जाते व तिच्या जागीं थंड हवा खालून येते, हें भौतिकशास्त्राच्या तासाला शिकलेलें येथें उपयोगी पडतें.

तारा. प्रत्येक बटनाखालीं एक मायक्रोस्विच असतो. त्याचा ‘कट्’ असा आवाज आपण ऐकतों. त्याच्या दोन टोंकांपैकीं एक एन्कोडर नांवाच्या लहान सर्किटास जोडावें, आणि दुसरें सर्व बटनांस मिळून असलेल्या समाईक तारेस. एन्कोडर यूएसबीनें संगणकास जोडला म्हणजे संगणकास तो एक खेळाचा कीबोर्डच वाटतो. या तारांत ५ व्होल्टच असल्यामुळें मुलांनीं हें काम करण्यास हरकत नाहीं. घरांतील मुख्य विजेच्या जोडणीस मात्र मुलांनीं हात लावूं नये. तसेंच, जुन्या यंत्राची हौस म्हणून कांचेच्या नळीचा जुना टेलिव्हिजन कोणीं उघडूं नये. त्या नळींत वीस हजार व्होल्टांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक दाबाची वीज असते, आणि प्लग काढल्यावरही ती सांठून राहते. ती मनुष्यास मारूं शकते.

पडदा. पॅक-मॅनचें चित्र रुंदीस २२४ व उंचीस २८८ ठिपक्यांचें, म्हणजे उभें असतें. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा आजचा पडदा आडवा ठेविला तर उंचींत चित्राची तिप्पट, म्हणजे ८६४, मावते. चौपट, म्हणजे १,१५२, मावत नाहीं. तोच पडदा उभा केला तर रुंदींत ८९६ व उंचींत १,१५२ अशी चौपट सहज बसते. चित्र ताणून सगळा पडदा भरण्याचा मोह आवरावा. ताणलेल्या चित्रांत तें गोल तोंड लांबट होतें.

काठी. या बाबतींत आमची झालेली फजिती सांगितल्यास इतरांचा वेळ वांचेल. आमची पेटी पुरी झाली त्या संध्याकाळीं विकत घेतलेल्या संचांतील पॅक-मॅन वळणावर अडखळूं लागला. वर न्यावा तर तो सरळच जाई आणि भुताच्या तोंडीं पडे. आम्हीं दोष संगणकास दिला. मग एन्कोडरास दिला. मग सगळ्या तारा सोडून पुनः जोडल्या. दोन संध्याकाळी अशा गेल्या. शेवटीं काठीचा तळ उघडून पाहिला, तेव्हां उलगडा झाला. आमची काठी आठ दिशांची, आणि पॅक-मॅन चार दिशांचा. हात किंचित् तिरपा गेला कीं दोन स्विच एकदम दाबले जात, आणि खेळाडूस कोठें जावयाचें आहे हें खेळास कळेना. तळाची चौकट फिरवून काठी चार दिशांची केली, आणि पॅक-मॅन पहिल्याच वळणास सुरेख वळला. यंत्र पहिल्यापासून बरोबरच होतें. मूळ यंत्राची काठी कशी होती याची चौकशी आम्हींच केली नव्हती. नक्कल पडद्यामागें जितकी खरी, तितकीच ती हाताखालींही खरी असावी लागते.

नाण्याचें बटन

आतां पालकांशीं दोन शब्द बोलून पुरें करतों. पूर्वीं पार्लरांत खिशांतील नाणीं संपलीं म्हणजे खेळ संपे. घरच्या पेटींत नाणें म्हणजे नुसतें एक बटन; तें कितीही वेळां दाबलें तरी खिसा रिकामा होत नाहीं. मूळ खेळांतील ही एक मर्यादा नक्कल करितांना गळून पडते, आणि ती गळली म्हणजे खेळाची गोडीही जाते. जीव कधीं संपतच नाहीं असें ठाऊक असलेला खेळाडू भुतास भीत नाहीं, विचार करीत नाहीं, आणि लवकरच कंटाळून नवा खेळ मागतो.

म्हणून आमची सूचना अशी कीं, नाण्याचें बटन पेटीच्या दर्शनी भागीं न लावतां पाठीमागच्या दारांत लावावें, आणि त्या दाराची किल्ली आईजवळ असावी. आम्हीं असेंच केलें आहे. दर शनिवारीं ठरलेलीं नाणीं आई पाडून देते. तीं संपलीं कीं पेटी बंद. पहिल्या शनिवारीं नाणीं अर्ध्या तासांत संपलीं. पुढें तींच तासभर पुरूं लागलीं, कारण प्रत्येक जण वळण घेण्यापूर्वीं गुलाबी भूत कोठें नेम धरीत असेल याचा विचार करूं लागला. एका शनिवारीं वडीलही येऊन बसले, आणि आम्हां सर्वांच्या तीन नाण्यांत झालें नाहीं तें त्यांनीं एका नाण्यांत करून दाखविलें. पार्लरांतील दिवस त्यांचा हात विसरला नव्हता.

विद्यार्थिमित्रांनो, माळ्यावरची ठेव खालीं काढा. ती हक्कानें वापरा, चुकांसह खरी ठेवा, आणि तिला मर्यादा घाला. चाळीस वर्षांपूर्वीं कोणीं तरी १६ किलोबाइटांत रचून ठेविलेला आनंद आणखी चाळीस वर्षें टिकेल. आणि त्याबरोबर तुमच्या हातचें सुतारकामही टिकेल.